पाठीमागची बोटं

आयुष्यात मी चुका पुष्कळ केल्या. काही नवऱ्याच्या नावावर खपवल्या, काही सासूबाईंच्या, आणि दोघंही वर गेलेले असल्यामुळे आता तक्रार करायला कुणी येत नाही. पण एका चुकीला माझ्याशिवाय दुसरा धनी काही मिळेना. आर्वीच्या एका जिनिंग-प्रेसिंग सोसायटीत मी कारकून होते. तिथं मी एक खूण काढली. कापसाचं सूप उजव्या कमरेवर धरलं तर कापूस उत्तम, डाव्या कमरेवर धरलं तर मध्यम, पोटाशी धरलं तर हलका. एवढ्या भांडवलावर मी मिशा पिकलेल्या माणसांना सकाळी सकाळी रांगेत उभं करून एका सुरात खोटं बोलायला लावलं, आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन घरी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

ज्यांच्याशी हे खोटं बोललं जात होतं ते आमचे मॅनेजर, गुल्हाने साहेब. त्यांची आठवण निघाली ती नातीमुळे. ती पुण्याला कसल्याशा कंपनीत आहे. परवा आली आणि सांगू लागली, की त्यांच्या ऑफिसनं सगळ्यांना डोंगरावरच्या हॉटेलात नेऊन शिबिर घेतलं. विषय काय, तर सगळ्या विभागांनी निर्णय एकाच रीतीनं कसा घ्यायचा. मी म्हटलं, "मग आधी कोण बोलतं? ज्याचं मत एकटं पडलं तो?" तर म्हणते, "आजी, तुला नाही कळायचं, हे मॅनेजमेंट असतं." मला नाही कळायचं! या मॅनेजमेंटपायी तीन हंगाम माझे दंड दुखले आहेत.

तर गुल्हाने साहेब. बुटका, रुंद माणूस. डोक्यावर पांढरी टोपी, जी सरळ बसलेली मी कधी पाहिली नाही. वरच्या खिशाला दोन पेनं. एक उमटत नसे आणि दुसऱ्याचं टोपण निघत नसे, त्यामुळे सही करायला नेहमी माझं पेन. आणि सदऱ्याचे खालचे दोन्ही खिसे सरकीनं, म्हणजे कापसातल्या बियांनी, फुगलेले. ते दिवसभर सरकी दाताखाली फोडत. कट्ट असा आवाज आला तर कापूस कोरडा, नुसतीच दबली तर ओला. बोलताना, ऐकताना, सही करताना, कट्ट. एखाद्याला रागावायचं असलं तरी मधे थांबून कट्ट, मग उरलेला राग. समोरच्याला वाटावं हा आपल्यालाच फोडून राहिला आहे.

या खिशांपायी एकदा गंमत झाली. फाटकाबाहेर गाडीवाल्यांशी हुज्जत घालत असताना मागून एका बैलानं त्यांच्या खिशात तोंड घातलं. सरकी म्हणजे बैलाला पेढाच. साहेब पुढे सरकले, बैल पुढे सरकला. गाडीवाला ओढतोय, आम्ही पदराआड हसतोय. साहेबांनी मागे वळून बैलाला सुद्धा विचारलं, "काऊन बापा?" 

हे 'काऊन', म्हणजे आमच्याकडचं 'का', हा त्या माणसाचा डोकं उठवणारा भाग. काहीही सांगा, पहिला प्रश्न काऊन. मी आठवडाभराची सुटी मागितली.

"काऊन?"

"मावसबहिणीचं लग्न आहे, साहेब."

"ते एक दिवसाचं काम हाय. बाकीचे दिवस काऊन?"

"हळद, मांडव, सगळं असतं ना."

"तुम्ही नाई गेल्या तर मांडव पडन का? अन् तुम्ही गेल्या तर इथलं कोनाच्या अंगावर पडन, ते त्याले विचारलं का?"

विचारून आले. फाटकावरचे मारोतराव हो म्हणाले. तर साहेब म्हणतात, "ते हव म्हणाले. पन काऊन म्हणाले?" लग्न होऊन नवरीला पहिलं माहेरपण येईल, तोवर हा माणूस काऊन काऊनच करत बसेल, असं वाटून मी दोनच दिवसांची सुटी घेतली आणि मांडवात सगळ्यांना साहेबांच्या नकला करून दाखवल्या.

मी तेव्हा बी.कॉम. झालेली होते, आणि हे कुणी विसरू नये अशी माझी चाल होती. टाचांच्या चपला, खांद्यावर पर्स, पर्समध्ये फक्त आरसा. आर्वीत कापसाच्या ढिगाऱ्यात टाचांच्या चपला घालून चालणारी मी पहिलीच. ढिगात टाच रुतायची आणि मी चपलेशिवाय पुढे जायचे. मागून जिनातल्या बाया हाक मारायच्या, "ओ बाई, तुमचा एक पाय इकडं राह्यला!"

आता आमच्या सोसायटीचं काम कसं चाले ते सांगते, नाहीतर साहेबांचा छळ नुसता छळ वाटेल. फाटकावर मारोतराव ग्रेडर. गाडीतला कापूस हाताळून तो उत्तम, मध्यम की हलका ते ठरवत, आणि फारच ओला असला तर गाडी परत लावत. तिथून कापूस जिनात जाई. तिथं गुलाबराव फोरमन. यंत्रावर सरकी वेगळी होई, रुई वेगळी. मग रुई प्रेसमध्ये, तिथं रहीमभाई. ते तिच्या गाठी बांधत. तिघंही आपापल्या कामात पक्के, आणि तिघांचं शास्त्र वेगळं. मारोतराव बोटांनी ठरवत. गुलाबराव यंत्राच्या आवाजावरून. रहीमभाई रुई दाबताना ती कशी बसते त्यावरून. मारोतरावांनी उत्तम म्हणून आत सोडलेला कापूस गुलाबराव हलक्याच्या ढिगावर टाकत, आणि गाठ पिवळी पडली की रहीमभाई दोघांच्या नावानं बोटं मोडत. शेतकऱ्याला तर वेगळीच चिंता. सकाळी गाडी आणली तर एक प्रत, दुपारी आणली तर दुसरी, आणि मारोतरावांचं घरी भांडण झालेलं असलं तर तिसरीच.

साहेब आले त्या हंगामात त्यांनी आठ दिवस नुसती सरकी फोडत सगळं पाहिलं. मग तिघांना बोलावलं. मला वाटलं, आता कोण बरोबर ते सांगतील. तर म्हणाले, "तुम्ही तिघंबी बरोबर हा. फक्त एका सोसायटीचे नाई हा."

दुसऱ्या दिवसापासून तो सकाळचा सोहळा सुरू झाला. फाटक उघडण्याआधी ग्रेडर, फोरमन, त्यांचे मदतनीस, काट्यावरचा माणूस, सगळे आवारात एका रांगेत. समोर मी, सूप घेऊन. सुपात कालच्या ढिगातला नमुना. एकेकानं मूठभर कापूस उचलायचा, चोळायचा, तंतू ओढून बघायचा, काही बोलायचं नाही, आणि हात पाठीमागे न्यायचा. उत्तमला एक बोट, मध्यमला दोन, हलक्याला तीन, आणि गाडी परत लावण्यासारखा असला तर बंद मूठ. मी "दाखवा!" म्हटलं की सगळ्यांनी एकदम हात पुढे. जुळलं तर फाटक उघडायचं. नाही जुळलं, तर ज्याचं बोट एकटं पडलं त्यानं पहिल्यांदा बोलायचं. कापूस असा का वाटला, माझ्या कामात त्याचा काय त्रास होतो, सगळं. बाकीच्यांनी ऐकायचं. मग पुन्हा बोटं. दिवसभराच्या प्रतीचं माप त्यावर ठरायचं, आणि ते तिन्ही विभागांना सारखं.

बाहेर गाड्यांची रांग. बैल हंबरतायत, गाडीवाले ओरडतायत.

"अबे, बोटं मोजून झाले का नाई?"

"पायाचेबी मोजून राह्यले वाट्टे!"

आणि मी थंडीत सूप धरून उभी. शिकलेली बाई, बी.कॉम., आणि काम काय, तर सूप धरणं. मी एकदा तसं बोलूनही दाखवलं. साहेब म्हणाले, "सूप धरनाऱ्याले कापसातलं काई समजत नाई म्हनूनच तर तुमाले धरायले देलं." म्हणजे माझ्या अज्ञानाचीही त्यांनी नेमणूक करून टाकली होती.

पहिल्या हंगामात काय व्हायचं, सगळ्यांची बोटं साहेबांसारखी. साहेब रांगेच्या टोकाला उभे असत आणि सगळे त्यांचा चेहरा बघून बोटं काढत. भुवई वर गेली की तीन. साहेबांच्या ते लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी ते छत्री घेऊन आले आणि ती उघडून चेहऱ्यासमोर धरून उभे राहिले. ऊन नाही, पाऊस नाही, आणि मॅनेजर छत्रीमागे. फाटकाच्या फटीतून बघणाऱ्या गाडीवाल्यांना वाटलं, साहेबांच्या डोळ्यांना काही झालं. चार दिवस लोक फाटकावर प्रकृतीची चौकशी करत होते. शेवटी कंटाळून साहेब रांगेकडे पाठ करूनच उभे राहू लागले, आणि आपलं बोट सगळ्यात शेवटी काढू लागले.

त्यांच्याविरुद्ध बोट निघायला फार काळ गेला. निघालं ते रहीमभाईंचं. साहेबांचं एक, सगळ्यांचं एक, आणि रहीमभाईंची तीन बोटं हवेत. रहीमभाईंनी घाबरून एक बोट मिटलं, मग दुसरं मिटायला लागले.

"मिटू नका!" साहेब ओरडले. "काऊन तीन?"

"साब, ये कपास हाथ में अच्छा है. लेकिन इस में पत्ती का चूरा है. प्रेस में जाता तो पूरा गठान काला दिखता. आप को कैसे दिखेगा, आप प्रेस में आते कब हो?"

मला वाटलं, आता रहीमभाईंची वाट लागली. साहेबांनी कापूस पुन्हा पाहिला, उन्हाकडे धरला, आणि त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी सगळ्यांना चहा सांगितला. स्वतःच्या खिशातून! सरकीशिवाय त्या खिशातून काही निघू शकतं हे आम्हाला तेव्हा कळलं. त्यानंतर महिनाभर साहेबांनी प्रत्येकाला एकेक दिवस दुसऱ्याच्या विभागात उभं केलं. मारोतराव प्रेसवर, रहीमभाई फाटकावर. मलाही जिनात पाठवलं. संध्याकाळी मी बाहेर आले तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत रुई चिकटलेली. आईनं दार उघडलं आणि विचारलं, "कोन पायजे, आजी?" आज मी खरंच तशी दिसते, पण तेव्हा मी रडले होते.

साहेबांच्या घरी मी एकदा जेवायला गेले. काकू म्हणजे त्यांची बायको. मोठी मोकळी बाई. वाढता वाढता म्हणाल्या, "तुमी तिकडं सूप धरता, मी इकडं धरते. वरनात मीठ बरोबर हाय का नाई, ते आमच्या घरी कोनी तोंडानं सांगत नाई. सारे पाठीमागं बोटं लपवतेत." मी हसले. तेवढ्यात साहेबांनी खरोखरच मुलांना म्हटलं, "हं, दाखवा." तीन पोरं, मोठ्या दोघांची बोटं जुळली. धाकटीचं बोट एकटं पडलं, म्हणून पहिली बोलणार ती. ती आपली सांगतेय की मला वरण गोड लागतं कारण मी आधी गूळ खाल्ला होता, आणि आमचा भात ताटात गार होतोय. काकू माझ्या कानाशी म्हणाल्या, "लगन झालं तवा मले वाटलं, मानूस शांत हाय. शांत कायचा! हा दुसऱ्यायले बोलायले लावून राह्यला."

एक गोष्ट मात्र मला कबूल करावी लागते, आणि कबूल करताना आजही दात शिवशिवतात. दुसऱ्या हंगामापासून ढिगांवरची भांडणं कमी झाली. मारोतराव आजारी पडले आणि फाटकावर गुलाबराव बसले, तरी गाडीवाल्याला फरक कळेना. "कोनबी बसो, भाव तोच," असं लोक म्हणू लागले. साहेबांची एक म्हण होती, ती ते सरकी चावत चावत म्हणत: "निर्नय ज्याचा त्याचा, रीत साऱ्यायची." तिसऱ्या हंगामात मला ती इतकी पाठ झाली होती की स्वप्नातही मी सूप धरून उभी असायचे.

पण फाटक उशिरा उघडायचं ते उघडायचंच. तक्रारी अध्यक्षांपर्यंत गेल्या. अध्यक्ष म्हणजे दाजीसाहेब, तालुक्यातले मोठे शेतकरी. त्यांना सकाळी लवकर आपल्या गाड्या आत गेलेल्या आवडत. एक दिवस ते ऑफिसात आले आणि माझ्यासमोरच म्हणाले, "गुल्हाने, हे शाळेतल्या पोट्ट्यायसारखं बोटं दाखवनं पुरे झालं. पुढच्या महिन्यात मी संचालकायले घेऊन पाहायले येतो. पटलं तर ठेवा. नाई पटलं तर हे बंद, अन् तुमीबी कारंज्याच्या खरेदी केंद्रावर."

कारंज्याचं केंद्र म्हणजे नागपूर-अमरावती रस्त्यावरची एक पत्र्याची शेड, एक काटा आणि दोन माणसं. जो माणूस माणसांना एकत्र बोलवून बोलतं करण्यावर जगत होता, त्याला तिथं पाठवायचं म्हणजे मासोळीला खुर्ची देण्यासारखं.

आता मी युक्ती काढली ती साहेबांना वाचवायला, असं सांगता आलं असतं. नातीला मी तसंच सांगितलं. खरं कारण असं की थंडी फार पडली होती, हात दुखत होते, आणि फाटक वेळेवर उघडलं तर मला चहा गरम मिळत होता. मी नमुना काढतानाच मारोतरावांना विचारून घ्यायचे, "काका, हा कसा?" ते सांगायचे. मग माझ्या कमरा बोलायच्या. बाकीच्यांना मी एकेकट्याला गाठून समजावलं. कुणालाच वाईट वाटलं नाही. गुलाबराव तर म्हणाले, "बाई, हे पहिल्याच वर्साले काऊन नाई सुचलं?" बंद मुठीची खूण मी ठेवली नव्हती. कालच्या ढिगातला कापूस आधीच घेतलेला, तो परत करायचा कुठं?

पंधरा दिवसांत रोज एकमत होऊ लागलं. एका झटक्यात हात पुढे, एका झटक्यात सारखी बोटं. फाटक वेळेवर उघडू लागलं. साहेब इतके आनंदात होते की त्यांनी 'काऊन' विचारणं कमी केलं. मला तेवढ्यानंच काही समजायला हवं होतं.

संचालक आले तो दिवस. आवारात खुर्च्या मांडल्या, मधे दाजीसाहेब. साहेबांनी इस्त्रीची टोपी घातली होती, तीही तिरपी. रांग लागली. मी सूप आणायला वळले, तर साहेब स्वतःच सूप घेऊन आले. वर फडकं.

"बाई, आजचा नमुना मी काढला."

मी मारोतरावांकडे पाहिलं. मारोतराव माझ्याकडे बघत होते. सूप नेहमीपेक्षा जड. एकेकजण आला, मूठ भरली, चोळली, मागे गेला. आता सूप कुठं धरायचं? मी ते समोर धरून उभी राहिले, पोटापासून लांब, कशातच बसू नये असं. पण शपथेवर सांगते, सूप जड होतं. दंड भरून आला आणि ते आपसूक माझ्या डाव्या कमरेवर टेकलं.

"दाखवा!" साहेबच म्हणाले.

सगळे हात एकदम. सगळ्यांची दोन बोटं. मारोतरावांचीसुद्धा.

दाजीसाहेबांनी टाळी वाजवली. "वा रे वा, गुल्हाने! हे तर पलटन केली तुमी!" दुसरे एक संचालक म्हणाले, "अशी एकजूट तर आपल्या मंडळात नाई." सगळे हसले. दाजीसाहेब उठले आणि म्हणाले, "पटलं बापा. चालू ठेवा हे. आता चहा सांगा."

झालं होतं. जिंकले होते साहेब. मी मनात देवाचे आभार मानायला लागले.

साहेब जागचे हलले नव्हते. ते रांगेसमोरून गेले. प्रत्येकाचा हात पाहिला, तो वर धरून, जणू बोटं मोजण्यात काही चूक झाली असेल. मग सुपाशी आले, मूठभर कापूस गालाला लावला, सरकी काढून दाताखाली धरली. आवाज आला नाही.

"दाजीसाहेब," ते म्हणाले, "हा कापूस मी पहाटे पानी मारून पोत्यात बांधून ठेवला होता. हे मंडळी तुमच्यासमोर मूठ बंद करतीन, अन् असा माल कोनाचाबी असो, परत लावतीन, हे दाखवायसाठी. हे सगळे चुकले."

"सगळे?"

"सगळेच्या सगळे."

अहो, गप्प बसा ना! माझ्या ओठांवर आलं होतं. कुणी विचारलं तुम्हाला? चहा येतोय, माणूस खूश आहे, टाळी वाजली आहे! पण हा माणूस जन्मात कधी चहा गरम असताना प्याला नव्हता.

दाजीसाहेब खाली बसले. "मंग तीन वर्स तुमी काय शिकवलं याईले?"

"हेच मी मले विचारून राह्यलो."

चहा कुणी घेतला नाही. आठवड्याच्या आत बोटांचा सोहळा बंद झाला आणि साहेबांची कारंज्याला बदली झाली. फाटक वेळेवर उघडत राहिलं. रुईच्या ढिगामागे आम्ही सगळे एकदा गोळा झालो, तेव्हा मारोतराव म्हणाले, "मले ओला लागला ना हातालेच! पन म्हटलं, बाईनं डावीकडं धरलं, म्हन्जे साहेबानंच सांगतलं असन पाहुन्यायसाठी." गुलाबराव म्हणाले, "मलेबी लागला." रहीमभाई आपल्या हाताकडे बघत राहिले. "मेरे को लगा, सब सही हैं तो मेरा ही हाथ ठंडा होगा."

साहेबांना कुणी काही सांगितलं नाही. त्यांनीही कुणाला विचारलं नाही, आणि हे सगळ्यात वाईट होतं. 'काऊन' ऐकल्याशिवाय तो आठवडा मला जाता जाईना.

ज्या दिवशी ते जाणार होते त्या दिवशी मी आर्वीच्या स्टँडवर गेले. साध्या चपला घालून. कारंज्याची गाडी लागलेली. साहेब खिडकीशी बसले होते, मांडीवर वळकटी, टोपी तिरपी. पुढच्या बाकावर एका माणसानं जागेवर रुमाल टाकला होता आणि दुसरा तिथं बसला होता. भांडण जुंपलं होतं. कंडक्टर घंटी वाजवायला तयार, आणि साहेब त्याला थांबवून म्हणत होते, "थांबा बापा. आधी रुमालवाल्याले बोलू द्या, तो एकटा पडला." ड्रायव्हर वैतागून हॉर्न वाजवत होता. मागच्या एका बाईनं विचारलं, "हे कोन हेत? चेकर हेत का?"

मी खिडकीखाली गेले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. उजवी कमर, डावी कमर, पोट, मारोतराव, गरम चहा. मधे एकदाही थांबले नाही, कारण थांबले असते तर काऊन आलं असतं. साहेबांनी ऐकलं. सरकी फोडली नाही. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. मग ते खिडकीतून वाकले, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा मला अगंतुगं करून म्हणाले:

"पंधरा दिवसांत साऱ्यायले एका बोटावर आनलं तू? मले तीन हंगाम लागले पोरी, त्यायले माझ्यापुढं येगळं बोट काढायची हिंमत यायले. सरक आता मागं, धूर येते."